कपाळावरचा मधला ठिपका

२ मे, शुक्रवार

ही डायरी पित्ताच्या गोळ्या बनवणाऱ्या कंपनीची. दर जानेवारीत हॉस्पिटलात फुकट वाटतात. अशा अठरा साठल्या, पण एकीतही मी ओळ लिहिली नाही. आता लिहितोय, कारण परवा मी जे केलं त्याचा धक्का मलाच अजून ओसरलेला नाही.

मी राजीनामा दिला. यशपाल हणमंत, वय बेचाळीस, एक्स-रे टेक्निशियन, अठरा वर्षं एकाच हॉस्पिटलात. कारणाच्या रकान्यात 'फोटोग्राफीचा व्यवसाय' असं लिहिलं. डॉक्टरांनी कागद वाचला, चष्मा काढला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "घरी सगळं बरं आहे ना?" मग म्हणाले, जूनअखेरपर्यंत तुझ्या जागी कायमचा माणूस घेत नाही, डोकं ठिकाणावर आलं की ये. सही मी एका दमात केली. जिना उतरताना मात्र मी तिसऱ्या पायरीवर चक्क बसलो.

बायको, बुद्धप्रिया, शाळेत शिकवते. ती घरी आली तेव्हा सांगितलं. तिनं आधी दोन भाकऱ्या थापल्या. मग म्हणाली, "तुमचं ठरलंय ना? मग आता पोलिसानं धरल्यासारखं तोंड करून बसू नका."

अठरा वर्षं माणसांच्या आतलं बघितलं. बरगड्या, मणके, खुबे. तोंडाकडे बघायला वेळ नसायचा, पुढचा पेशंट उभाच. आता तोंडं बघायची आहेत. हे कुणाला बोलून दाखवलं तर वेडा म्हणतील, म्हणून इथं लिहिलं.

६ मे, मंगळवार

दुकानाची खोली मिळाली. पूर्वी तिथं चादरींचं गोदाम होतं. भिंतीला अजून सुताचा वास येतो.

पहिला फोटो आईचा. मीनाबाई, वय बहात्तर, नवी निळी साडी, हात मांडीवर. मी सवयीनं म्हणालो, "श्वास रोखा." आई खरंच श्वास रोखून बसली आणि मी 'सोडा' म्हणायचं विसरलो. शेवटी तीच ओरडली, "मारतोस का रं मला?"

रात्रीपर्यंत कॉम्प्युटरवर काम केलं. अठरा वर्षांत एक गोष्ट हाडीमाशी भिनली आहे: फिल्मवर जे असायला नको ते दिसलं, की फिल्म बाद. गळ्यातला ताईत, ब्लाउजची पिन, काळे मणी, सगळं काढायला लावायचं. डॉक्टर म्हणायचे, यशपालची फिल्म म्हणजे धुतलेली काच. तीच सफाई इथं कामाला आली. आईच्या हनुवटीवरचा हिरवा ठिपका, हातावरचं गोंदण, गालावरचे वांग, अर्ध्या तासात सगळं साफ. बाई कशी तेजस्वी दिसायला लागली!

फ्रेम करून घरच्या भिंतीवर लावली. आईनं जवळ जाऊन बघितलं. "चांगली हाय की बाई," म्हणाली. "कुणाची रं?"

आम्ही खूप हसलो. मोतीबिंदूचं ऑपरेशन आता लांबवता येणार नाही.

१२ मे, सोमवार

बुद्धपौर्णिमा. विहारातले फोटो मीच काढले. कमिटीत असल्यामुळे फुकट, पण वस्तीतल्या सगळ्यांना कळलं की यशपाल आता फोटोवाला झाला.

बेचाळीस डिग्री ऊन, पंखे नुसते गरम वारा ढकलत होते, आणि आई पांढऱ्या साडीचा पदर डाव्या हाताभोवती मनगटापर्यंत घट्ट गुंडाळून बसली होती. विचारलं तर म्हणाली, "गार लागतंय." सोलापुरात, मे महिन्यात! थायरॉईड तपासायला हवं.

२१ मे, बुधवार

पहिलं बाहेरचं काम. सोलापूरबाहेर कुंभारी गावाच्या पुढे सिद्धाप्पाची वस्ती आहे. मेंढरं, दोन खोल्या, दारात बाभूळ. सिद्धाप्पा सोमवारी दुकानात आला होता. म्हणाला, "आमच्या आईचा येक फोटो पायजे. मागं ऱ्हायचा." मागं राहायचा म्हणजे माणूस गेल्यावर हार घालायचा. त्यांच्यात म्हातारी माणसं तो धडधाकट असतानाच काढून ठेवतात.

त्याची आई केराबाई ऐंशीच्या पुढची. कॅमेऱ्याला जराही बिचकली नाही. हिरवं लुगडं नेसून बाभळीखाली अशी बसली, की कॅमेरा तिनंच बोलावला असावा, आणि बोलावला तिनंच होता. सून विजयमाला पदर नीट करायला गेली, तर तिच्या हातावर चापट मारली.

मी प्रकाश मोजत होतो तेव्हा म्हातारीनं स्वतःच्या कपाळावर बोट टेकवलं आणि म्हणाली, "सोनंनाणं सगळं हितंच ऱ्हातंय लेकरा. येवढंच येतंय बघ संगं." नशिबाबद्दल बोलत असावी. मी "व्हय की आजी" म्हणालो आणि बटण दाबलं.

असा चेहरा मी आजवर बघितला नव्हता. येताना गाडीवर मोठ्यानं गाणं म्हणत आलो.

२४ मे, शनिवार

केराबाईंचा फोटो पूर्ण. तीन दिवस त्यावरच बसलो होतो. कपाळावर तीन ठिपके एकाखाली एक, हनुवटीवर एक, सगळे फिकट हिरवे, डागासारखे. मधला तर वाकडाच. ते काढल्यावर चेहरा उजळला. सुरकुत्या मात्र राखल्या, तेवढी अक्कल मला आहे.

कॉम्प्युटर जुना, जागा संपत आली होती. मूळ फोटो पुसून टाकले, कार्डही मोकळं केलं. बाद फिल्म कपाटात ठेवायची नसते.

फ्रेम पोचवून आलो. मला वाटलं, उघडतील, बघतील, काहीतरी बोलतील. विजयमालानं कागदसुद्धा काढला नाही. ती फ्रेम जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधून ट्रंकेत ठेवायला निघाली. "बघत न्हाईत हो," ती म्हणाली. "जित्या माणसाचा ह्यो फोटो उगडायचा नसतोय." केराबाई बाजेवरून म्हणाली, "मी बी न्हाय बघणार. माज्या मागनं तुमी बघा."

इतकी मेहनत केली आणि दाद द्यायला कुणी नाही. थोडा हिरमुसलो.

८ जून, रविवार

महिन्यात झालं काय, तर पासपोर्ट फोटो, दोन वाढदिवस, एका नगरसेवकाच्या फ्लेक्ससाठी हात जोडलेला माणूस. त्याचंही तोंड मी घासूनपुसून गोरं केलं. तो खूश झाला.

आईचा थायरॉईड रिपोर्ट नॉर्मल. तरी हात झाकलेलाच. आता तर पूर्ण बाह्यांचे ब्लाउज शिवायला टाकलेत. शिवाय पान फार खायला लागली आहे. चुन्याची डबी महिनाभर पुरायची, ती आठवड्यात संपली. म्हटलं, आई, तोंड फुटेल. तिनं डबी कनवटीला लावली.

बुद्धप्रिया म्हणाली, "तुम्ही त्यांच्याशी जरा बसून बोला ना. मला काही सांगत नाहीत." मी म्हणालो, वय झालं की असं होतं.

२१ जून, शनिवार

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

सकाळी अकराला सिद्धाप्पा आला. डोकं भादरलेलं. केराबाई मंगळवारी गेली. मी खुर्ची पुढे केली, तो बसला नाही. धडप्यात गुंडाळलेली फ्रेम त्यानं टेबलावर पालथी ठेवली.

"ही आमची आई न्हाय," म्हणाला.

मला वाटलं, फोटोंची अदलाबदल झाली. घाईनं फ्रेम उलटी केली. केराबाईच होती. हिरवं लुगडं, बाभळीची सावली. म्हटलं, "अहो, याच की."

"गोंदण कुटंय?"

मी फ्रेम उजेडाकडं वळवली.

"कपाळावरचं कुटंय? हनुवटीवरचं?" तो ओरडत नव्हता, ओरडला असता तर बरं झालं असतं. "आईला पुरून आलो. घरी येऊन ट्रंक उगाडली. बायका बघून मागं सरल्या. माझी बहीण म्हणती, ही कोण परकी बाई घरात आणली? सायेब, माणूस जाताना काय नेतं संगं? आंगावरचं सोनं काडून घेतल्यात. बांगड्या काडल्यात. गोंदण तेवढं गेलं की तिच्यासंगं. वर तेच बघून वळखत्यात. आन् तुमी तेच पुसलं?"

तेव्हा मला ते बाभळीखालचं बोट आठवलं. कपाळावर टेकवलेलं. 'येवढंच येतंय बघ संगं.' तिनं मला सांगितलं होतं. समोर बसून, बोट ठेवून सांगितलं होतं, आणि मी 'व्हय की आजी' म्हणालो होतो.

"मूळ फोटो द्या," सिद्धाप्पा म्हणाला. "हाय तसा. गुरुवारी दहावा हाय."

मूळ फोटो नाही, हे त्याला कसं सांगितलं ते मला आठवत नाही. त्यानं मला शिवी दिली नाही. फ्रेमही नेली नाही. धडपं तेवढं घडी करून खांद्यावर टाकलं आणि गेला.

२२ जून, रविवार

पुसलेले फोटो परत मिळतात का बघायला कॅमेऱ्याचं कार्ड घेऊन दोन दुकानं फिरलो. त्यावर मी नंतर शेकडो फोटो काढलेत. दोघांनीही मान हलवली. वस्तीवर फोन केला. केराबाईचा दुसरा फोटो आधारकार्डावरचा, त्यात कपाळ उजेडात पांढरंफटक. लग्नाबिग्नातल्या फोटोत पदर कपाळापर्यंत. ऐंशी वर्षांच्या बाईचं खरं तोंड जगात एकाच जागी होतं, आणि ते मी बटण दाबून घालवलं. पेशंटची फिल्म हरवली तर पुन्हा काढता येते. इथं पुन्हा कुणाला बसवू?

दुपारी डॉक्टरांना पत्र लिहायला घेतलं. 'पुन्हा रुजू होण्यास तयार आहे.' बुद्धप्रियानं खांद्यावरून वाचलं.

"जा की," ती म्हणाली. "कुणी अडवलंय? पण आधी त्या बाईचं तोंड परत द्या, मग कुठंही जा."

"कुठून देऊ?"

"ते गोंदण काय तिनं एकटीनंच काढून घेतलं असेल होय? माझी आजी सांगायची, गोंदणारी आली की घरातल्या सगळ्या पोरींना एका रांगेत बसवायचे."

मी परत फोन लावला. विजयमालानं उचलला. मी गोंदणाचं विचारलं. मग म्हणाली, "दुधनीला मावशी हाय. शरणम्मा. पाय मोडलाय, मातीला येता आलं न्हाय तिला."

२३ जून, सोमवार

दुधनी. लॅपटॉप पोटाशी धरून सकाळची गाडी पकडली. शरणम्मा केराबाईची धाकटी बहीण. मोडका पाय पसरून बाजेवरूनच तिनं कानडीत "बर्री, कूड्री", या, बसा, म्हणून आत बोलावलं, चहा मागवला. मग मी कोण ते सांगितलं. तिचा हात बशीवरच थांबला.

तिच्या कपाळावर तीन ठिपके, हनुवटीवर एक. मी कधी कुणाच्या चेहऱ्याकडे इतकं टक लावून बघितलं नसेल. धाडस करून विचारलं, फोटो काढू का, तुमचे ठिपके बहिणीला लावतो. हिशोब सरळ होता. एकच सुई, एकच रंग, एकच दिवस.

"तिचं आन् माझं सारकं न्हाय," ती म्हणाली. "जत्रंत गोंदलं आमाला. मी सात वर्साची, अक्का नऊची. मी गप बसले. अक्का लई वरडली. मदला ठिपका घालायला आन् हिनं मान हलिवली. गेला की डाव्या अंगाला. आई म्हणली, ऱ्हाऊ दे, वरती गेल्यावर हिला लगी वळखतील."

मधला तर वाकडाच, असं मी याच वहीत लिहिलंय. मागचं पान काढून वाचलं. तोंडात मारल्यासारखं झालं.

तिच्या कपाळाचा, हनुवटीचा फोटो काढला आणि तिथंच बाजेवर लॅपटॉप उघडला. केराबाईच्या पुसलेल्या फोटोवर वरचा ठिपका, खालचा, हनुवटीवरचा बसवला. मधला उरला. शरणम्मानं पुढे वाकून पडद्यावर बोट ठेवलं.

"हितं न्हाय. जरा डावीकडं. आनी जरा. खाली घे उलसं." मी हलवत राहिलो. तिचं बोट पडद्यावर फिरत राहिलं. एका जागी ते थांबलं. "बस्स. आता हलवू नगंस."

ती रडली. मीही रडलो, लाज वाटली नाही. लॅपटॉपच्या काचेवर तिच्या बोटाचा ठसा आहे, तो पुसायचा धीर मला अजून झालेला नाही.

२६ जून, गुरुवार

सकाळी सातला वस्तीवर. सगळा गोतावळा जमलेला. मला बघून बायकांची कुजबूज थांबली. मी सिद्धाप्पाला बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं. हे ठिपके तुमच्या आईचे नाहीत, मावशीच्या कपाळावरून घेतलेत. जागा मावशीनं दाखवली. नको असेल तर परत नेतो.

त्यानं फ्रेम हातात घेतली. "मावशीच्या कपाळाचं हाय नव्हं? मग परकं कसं?" म्हणाला.

फ्रेम पाटावर ठेवली. त्या दिवशी त्याची जी बहीण मागे सरली होती ती पुढे आली, गुडघ्यावर बसली, आणि तिनं काचेवरून मधल्या ठिपक्यावर अंगठा फिरवला. सिद्धाप्पा माझ्या शेजारी उभा होता.

"आली," तो म्हणाला.

मला वाटलं होतं की हलकं वाटेल. वाटलं नाही. गाडी सुरू करायला तीनदा किक मारावी लागली.

२७ जून, शुक्रवार

गेल्या शनिवारचा धक्का धक्काच नव्हता. खरा आज बसला.

दुपारी घरी जेवायला आलो. आई चटणीसाठी लसूण सोलत बसली होती. पूर्ण बाह्यांचा ब्लाउज, वर पदर. मी पाणी प्यायलो, तांब्या ठेवला आणि सहज भिंतीवर नजर गेली. आठवडाभर नुसते ठिपके बघून माझ्या डोळ्यांना वेगळीच सवय लागली आहे.

भिंतीवरच्या बाईची हनुवटी कोरी. हात कोरा.

'चांगली हाय की बाई. कुणाची रं?'

आईसमोर खाली बसलो. "आई, तुला थंडी वाजते का गं खरंच?"

"थंडी? सोलापुरात?" ती लसूण सोलतच राहिली.

"मग हात का झाकतेस?"

"तू पुसलंस की." अगदी साध्या आवाजात. "म्हटलं, पोराला लाज वाटत असंल. कमिटीत हायस तू, विहारात चार माणसांत बसतोस. आन् आई हातावर तुळशीवृंदावन घिऊन येती. तुजं काय चुकलं न्हाय."

"आई, मला तसं काही..."

"आजीनं मांडीवर दाबून धरून गोंदिवलं. मला कुणी इचारलं व्हतं? पुडं लगीन करून हितं आले, बाबासायबांचा धम्म घेतला. घरातलं देव आमी टोपलीत घालून नदीत सोडलं. हात कुटं सोडू?"

मी तिचा हात धरला. ती ओढायला लागली. मी बाही वर केली.

चुना. तिनं चुना लावून वीट घासली होती. महिनाभर, थोडं थोडं, आम्ही दोघं घराबाहेर पडलो की. वृंदावनाचा डावा भाग गेला होता, तिथं कातडं सोललेलं, लाल, कडेनं पिकलेलं. उजवा भाग तेवढा हिरवा शिल्लक. मी अठरा वर्षं हॉस्पिटलात काढली, तुटलेले हात रोज टेबलावर नीट ठेवले, आणि माझ्या घरात हे. पानामुळे चुना संपतो असं लिहिणारा मीच, आणि थायरॉईडची तपासणी करून आणणाराही मीच.

मी काय ओरडलो ते मला माहीत नाही. शेजारची गुरम्मा धावत आली. आई मलाच समजावत होती, "गप की रं, गप. येवडं काय झालंय? कातडंच हाय."

रिक्षा करून हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी स्वतः जखम धुतली, पट्टी बांधली. बाहेर येऊन मला म्हणाले, "मग, सोमवारपासून येतोस ना?" मी त्यांच्याकडे नुसता बघत राहिलो. त्यांच्या डाव्या भुवईत एक जुना व्रण आहे. अठरा वर्षांत मला तो कधी दिसला नव्हता.

३० जून, सोमवार

डॉक्टरांना फोन करून सांगितलं, येत नाही. ते म्हणाले, "बघ बाबा."

आईची भिंतीवरची फ्रेम काढली. तिथं पांढरा चौकोन उरला. आईनं तो बघितला. "मोकळं वाईट दिसतंय," म्हणाली. "दुसरा काढ."

"जखम भरू दे, मग काढू."

"भरल्यावर काय येगळं येणाराय? जे ऱ्हायलंय ते ऱ्हायलंय. आताच काढ."

दुकानात नेलं. तीच निळी साडी, तीच खुर्ची. पट्टी तिनं स्वतः सोडली आणि हात मांडीवर उताणा ठेवला. निम्मं वृंदावन, निम्मी जखम. मी कॅमेरा डोळ्याला लावला. श्वास रोख म्हणालो नाही. तिनं सवयीनं रोखला होता, तिलाच म्हटलं, "सोड गं आई." ती हसली, तेव्हा बटण दाबलं.

मग तिला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि फोटो मोठा केला. तिनं स्वतःकडे बराच वेळ बघितलं. हनुवटीचा ठिपका, वांग, हात. मी विचारलं, "यातलं काय पुसू?"

तिनं बोट पुढे केलं. डोळ्यांच्या खाली, जिथं काळं आलं होतं तिथं.

"येवडं काड. तीन रात्री झोप न्हाय लागली, त्याचं हाय ते," म्हणाली. "बाकी समदं माझं हाय."

मी तेवढंच पुसलं.